सात सोमवार आणि मॅडमचा हात

शाळेच्या संगणकखोलीबाहेर अख्खी नववी चवड्यांवर उभी होती. आत मशीनबाबा होते. म्हणजे खरं तर दुरुस्तीवाले काका, पण काका म्हटलं की त्यांचं नाक फुगायचं.

"दार लावा! माणसांच्या नजरेने मशीन बुजतं!"

पाच मिनिटांनी दार उघडलं. मघाशी पाटीएवढा आक्रसलेला संगणकाचा पडदा ऐसपैस पसरला होता, गायब झालेलं प्रकल्पांचं फोल्डरही जागेवर!

"मी नुसता हात ठेवला," बोटांवर फुंकर मारत बाबा म्हणाले. "आता आठवडाभर बंद करू नका, ऊर्जा सांडते. काहींचा हात जड असतो, काय करणार!"

सगळ्यांनी संगणकाच्या मॅडमकडे पाहिलं. सर्वांत आधी टकळीने.

टकळी म्हणजे वर्गातली सर्वांत बोलकी मुलगी. शोध तिचाच होता. मॅडम शनिवारी मशीन बंद करतात, सोमवारी सुरू करतात आणि पडदा आक्रसतो. सात सोमवार, सातही वेळा! तारखांचा तक्ता आखून तिने तो मुख्याध्यापिकाबाईंपुढे ऐटीत ठेवला होता, "बाई, हा घ्या पुरावा!"

"उद्यापासून खोलीची किल्ली बाबांकडे," बाई मॅडमना म्हणाल्या.

मॅडम किल्लीवरचं लेबल नखाने खरवडत राहिल्या. ते टकळीने पाहिलं. शाळा सुटल्यावर ती चोरासारखी संगणकखोलीत मॅडमजवळ जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मशीन कधी सुरू झालं ते कुठे लिहिलेलं असतं का?"

"मशीनच लिहितं. त्याला चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा कुठला गाभा, नवा की जुना, घेऊन उठलं, तेसुद्धा."

टकळीने मशीनच्या नोंदींशेजारी तारखांची वही ठेवली. मॅडमनी सुरू केलं तेव्हा नवा गाभा. बाबांनी, तेव्हा जुना. सातही वेळा!

"अगं बाई," मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माझंच चुकलं!"

त्या संगणकाच्या पोटात लिनक्सचा दुसरा, आभासी संगणक चालायचा. पडदा आणि फोल्डर यांच्यासाठी दोन्ही संगणकांची गाठ घालून देणारी साधनं, म्हणजे छोटे प्रोग्राम, मॅडमनी कधीकाळी हाताने बसवली होती. मॅडम नेमाने लिनक्स अद्ययावत करत, त्यात गाभा नवा झाला, साधनं जुनीच राहिली. दोघांचं जमेना. बाबा मात्र बंद दाराआड मशीन पुन्हा सुरू करून, सुरुवातीला दिसणाऱ्या यादीत शिल्लक असलेला जुना गाभा निवडत. झाला चमत्कार!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मशीन बंद करून सुरू केलं, पडदा पुन्हा आक्रसला. बाईंसमोर टकळीने दार सताड उघडलं. "बाबा, आज सगळ्यांसमोर हात ठेवा ना!"

"उघड्यावर ऊर्जा..."

"मग मॅडमचा जड हातच चालेल!"

मॅडमनी साधनांची नवी आवृत्ती बसवली, मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा पसरला, फोल्डर आलं. बाबांनी पिशवी उचलली. टाळ्या पडल्या. बाईंनी बाबांकडून किल्ली घेऊन मॅडमना परत दिली. टकळीची मान मात्र वर होईना.

"माझ्या तारखा खऱ्या होत्या," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पण दाराआड काय चालतं, हे मी सात सोमवार विचारलंच नाही. सरळ मॅडमकडे बोट दाखवलं. मला लाज वाटते. कुणी चमत्कारासाठी दार लावायला सांगितलं, तर तुम्ही आधी ते उघडा. आणि कुणाचा हात जड म्हणण्याआधी, त्या हाताने नेमकं काय केलं ते त्यालाच विचारा."

मॅडमनी तिची वही उचलली आणि आठव्या सोमवारची ओळ स्वतः आखून दिली.