पहिल्या हळदीचा मान

बार्शीटाकळीत लग्न कोणाच्याही घरचं असो, हळदीचं पहिलं बोट पार्बताबाईचं. सत्त्याण्णव वर्षांची सवाशीण दुसरी आणायची कुठून? ज्या पोरींना तिनं हळद लावली त्या आज्या झाल्या, काहींचे नवरे गेले आणि त्या मुकाट मागच्या रांगेत जाऊन बसल्या. पार्बताबाई मात्र रुपयाएवढं कुंकू लावून पुढेच. तिचा नवरा चंद्रभान ऐंशीहून जास्त वर्षांपासून विलायतेत होता. टवाळ पोरं विचारायची, "आजी, आजोबा मडमेसंग नांदून राहिले का?" ती म्हणायची, "नांदू दे. जित्ता हाय ना, बस झालं." तिला मूलबाळ नव्हतं, शेताचा तुकडा नव्हता. पुतण्याच्या घरात तिच्या ताटात ऊन भाकर पडत होती ती या कुंकवाच्या जोरावर, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या कुंकवाची गोष्ट रेडिओपासून सुरू होते. मोठ्या लढाईत चंद्रभान खेचरांच्या पलटणीबरोबर विलायतेला गेला. बेचाळीस साली तो मेल्याची तार आली, तेव्हा पार्बता चौदाची होती. बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं. नवव्या दिवशी देशमुखांकडून सांगावा आला, की लंडनच्या रेडिओवर शिपायांनी घरी धाडलेले निरोप लागतात आणि आज चंद्रभानचं नाव आहे. सुतकातलं अख्खं घर देशमुखांच्या ओट्यावर जाऊन बसलं. खरखरीतून आवाज आला, "मी चंद्रभान, राहणार बार्शीटाकळी. माय, मी खुशाल हावो. पार्बताले सांगजो, रडू नको."

सासू ताडकन उठली. "तार खोटी! मेलेला मानूस बोलते का कधी?"

दुसऱ्या दिवशी कासार बोलावून सुनेचे हात कोपरापर्यंत भरले. शाळेचे मास्तर काही समजवायला आले, तर म्हातारीनं मुसळ उगारलं. सरकारचा पेन्शनचा कागद चुलीत गेला. पुढं कधी पत्र आलं नाही, माणूस आला नाही. पण आवाज आला होता. त्याहून मोठा पुरावा गावाला नको होता आणि पार्बताबाईला तर नकोच होता.

यंदा अकोल्याहून साधना आली. तिथल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर ती कार्यक्रम करते. लढाईच्या काळातला लंडन रेडिओचा एक अख्खा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा उभा करायचा, असं तिनं ठरवलं होतं. बातम्या, बँड, टंचाईतल्या स्वयंपाकाच्या सूचना आणि शेवटी शिपायांचे निरोप. ती पार्बताबाईपाशी तीन तास बसली, दोनदा चहा प्यायली, चंद्रभानच्या पलटणीचा नंबर लिहून घेतला. जाताना पार्बताबाईचा हात दाबून म्हणाली, "आजी, कार्यक्रमाचा शेवट तुमच्यावरच."

तारीख नेमकी रूपालीच्या हळदीची निघाली. रूपाली म्हणजे पुतण्याची नात, पार्बताबाईच्या मांडीवर वाढलेली. पुतण्याची बायको गोदाबाई तर फुलूनच गेली. तिनं डीजेवाल्याला सांगून रेडिओ मोठ्या भोंग्यांना जोडून घेतला. सकाळपासून मांडवात लंडन गरजत होतं. इकडं वांगी चिरली जात होती, तिकडं बॉम्ब पडल्याच्या बातम्या. सहाच्या सुमारास अकोटहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन बायका आल्या.

"पाच मिनटं थांबा," गोदाबाईनं त्यांना बसवलं. "आमच्या मोठीमायचं नाव येऊन राहिलं रेडिओवर."

पार्बताबाई हिरवं लुगडं नेसून, हळदीची वाटी मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढं बसली होती. भोंग्यातून साधनाचा मध घोळलेला आवाज आला. बार्शीटाकळीच्या पार्बताबाई, त्यांचा चंद्रभान, त्यांची वाट पाहणं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग साधना म्हणाली, "पण श्रोतेहो, हे निरोप महिना-दीड महिना आधी तबकडीवर भरून ठेवलेले असत. पलटणीच्या नोंदवहीत चंद्रभान यांचा न्यूमोनियानं झालेला मृत्यू आम्हाला सापडला. बार्शीटाकळीनं त्यांचा आवाज ऐकला, त्याच्या एकोणीस दिवस आधीचा." आणि मागं एक रडवं व्हायोलिन लागलं.

बायकांचे पदर डोळ्यांवरून खाली आले. मग नवरदेवाची मावशी म्हणाली, "अवो, मंग ह्या बाई…" आणि पुढचं तिनं गिळलं. गिळायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं होतं.

गोदाबाई उठली. तिनं पार्बताबाईच्या मांडीवरची वाटी उचलली, मावशीच्या हातात दिली आणि म्हातारीला दंडाला धरून आत नेलं. मरणापेक्षा तिला भलतीच धास्ती होती. तिनं गुरुजींना फोन लावला. सुतक लागलं तर लग्न अडेल ना! गुरुजी म्हणाले, इतक्या जुन्या मरणाची बातमी ऐकली की आंघोळ केली, सुटलं. गोदाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं म्हातारीच्या डोक्यावरून दोन बादल्या गार पाणी ओतलं आणि ओलं फडकं पुढं केलं.

"पुसून घ्या, मोठीमाय. तुमच्याच हातानं बरं."

"गोदा, म्या त्याचा आवाज आयकला वं."

"आयकला असान. पन मानूस नव्हता ना."

पार्बताबाईनं पुसलं. ऐंशी वर्षं कुंकवाखाली राहिलेली कातडी गोल, पांढुरकी पडली होती. तो डाग पाहून गोदाबाईनं फडकं घेतलं आणि पुन्हा घासलं, पण तो जाईना.

तेवढ्यात साधनाचा फोन आला. गोदाबाईनं तो म्हातारीच्या कानाला लावला.

"आजी, किती फोन येताहेत आम्हाला! तुम्हाला मुद्दामच आधी सांगितलं नाही. ऐकून तुम्हाला काय वाटतं, ते खरंखुरं हवं होतं. आता दोन शब्द बोलता का? रेकॉर्डिंग चालू आहे."

"बाई," पार्बताबाई म्हणाली, "उद्या सांगतलं असतं तं?"

"उद्या कार्यक्रम नव्हता ना, आजी."

बाहेर हळदीची गाणी सुरू झाली. पार्बताबाई ओल्या केसांनी खाटेवर बसून राहिली. दुनियेनं पाठ फिरवली तरी रूपाली फिरवणार नाही, असं तिला वाटत होतं. बिनआईच्या त्या पोरीला गोवर निघाला तेव्हा हिनं सात दिवस उशाशी बसून काढले होते. ती हट्ट धरेल, म्हणेल माझ्या आजीला आणा. आणि खरंच दाराशी पावलं वाजली. हळदीनं पिवळी झालेली रूपाली उंबऱ्यावर उभी होती. पार्बताबाईचा हात आपोआप पुढं झाला.

रूपाली एक पाऊल मागं सरली.

"आजी, तू बाहेर येजो नको हं. सासरचे पाहून राहिले."

"उद्या लग्नाले?"

"उद्या तं बिलकुलच नको," रूपाली म्हणाली, आणि दार ओढून घेऊन तिनं बाहेरून कडी लावली.