वाळवंटातली तळी

हुडकेश्वरच्या एका गेमिंग कॅफेत दर रविवारी दुपारी तिघं जमत: अंकित, त्याचा मित्र जितेंद्र आणि मोनाली. कूलरसमोरच्या तीन खुर्च्या त्यांच्याच. कॅप्टन अंकित, कारण आवाज त्याचा मोठा.

खेळ ऐसपैस होता. नकाशावर गावं वसवायची, धान्य पिकवायचं, फौज उभी करायची. पण त्याआधी दोन गोष्टी निवडायच्या, एक नेता आणि एक संस्कृती. कुठलाही नेता कुठल्याही संस्कृतीला जोडता यायचा. नेत्याचा एक गुण, संस्कृतीचा एक गुण, आणि त्या जोडीतच अर्धा डाव ठरून जायचा.

मोनालीची जोडी वर्षभर अंकितच ठरवत आला होता. तिच्या वाट्याला व्यापारी नेता आणि नदीकाठचे शेतकरी. तिनं पिकवायचं आणि अंकितच्या घोडदळाला पाठवायचं. डाव जिंकला की अंकित आपल्या स्वारीचा व्हिडिओ टाकी आणि खाली लिही, 'एकट्यानं फाडलं'. ते घोडे कोणाच्या दाण्यावर दौडत होते, हे कोणी विचारत नसे. मोनालीला ते लागायचं. पण खेळायला तरी मिळतं, असं म्हणून ती गिळून टाकी.

पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी आटोपून घरी आली की ती एकटीच वेगवेगळ्या जोड्या लावून बघत बसायची. त्यातली एक जोडी तिच्या मनात घर करून बसली. नेता म्हणून तळी बांधणारी राणी, आणि संस्कृती वाळवंटातल्या लोकांची. राणीला कोरड्या जमिनीवर तळं बांधता येई. वाळवंटी माणसांना थोड्या पाण्यावर दुप्पट पीक घेता येई. दोन्ही गुण सगळ्यांना ठाऊक होते, पण ते कोणी एकत्र आणले नव्हते.

मे महिन्यात शहरात स्पर्धा झाली आणि त्यांचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. समोर सावनेरचे तिघं होते. त्यांचा कॅप्टन केशव कमी बोलायचा आणि सावकाश खेळायचा. घरून निघताना मोनालीनं वडिलांना, संघपालना, आपला बेत सांगितला. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. पण लेकीचं सगळं ऐकून ते म्हणाले, "दुसऱ्याच्या अकलेनं जिंकण्यापेक्षा आपल्या अकलेनं हरलेलं बरं, बाई. जा."

सभागृह माणसांनी भरलं होतं. पडद्यावर नेत्यांचे चेहरे आले.

"मोनाली, नेहमीचंच घे," अंकितचा आवाज हेडफोनमधून आला.

"नाई. मी आज तळेवाली राणी घेते. अन् वाळवंटवाले."

जितेंद्र हसला. "वाळवंटात तळी? तिथं नदी तरी आहे का वं?"

"नदी असली तर तळं कशाले बांधायचं? तळं कोरड्यातच लागते. रामटेककडं माझ्या मामाच्या गावी चल कधी. तिथलं सारं धान तळ्याच्याच पाण्यावर उभं राहते."

"हे तुझ्या मामाचं गाव नाई, फायनल आहे," अंकित खेकसला. "कॅप्टन मी आहे. मी सांगून राहिलो ना तुले?"

"सांग ना. बटन माझ्या बोटाखाली आहे."

आणि तिनं ते दाबलं.

सुरुवातीला हाल झाले. तिची दोन गावं धुळीत बसली होती आणि पहिलं तळं काही केल्या भरेना. अंकित सारखा दाणा मागत होता. दाणा नव्हताच. मोनालीला वाटलं, खरंच चुकले की काय. पण तिनं चाल बदलली नाही. दुसरं तळं बांधलं, मग तिसरं. तळी भरली, वाळूत हिरवे पट्टे उमटले आणि लोक वाढू लागले.

अंकितनं मात्र तिच्या दाण्याची वाट न बघताच सगळं घोडदळ केशववर सोडलं होतं. केशवनं ते खिंडीत अडवलं आणि कापून काढलं. पाठोपाठ जितेंद्रचे किल्ले पडले. मोनालीनं पहिला दाणा पाठवला, तो पोचेपर्यंत अंकितपाशी एकच गाव उरलं होतं.

"तुझी गावं माझ्या नावावर कर," अंकित म्हणाला. "पटकन. मी सांभाळतो."

खेळात तशी सोय होती. एक क्षण मोनालीचं बोट सवयीनं तिकडं वळलंही.

"नाई," ती म्हणाली. "तुझे लोक इकडं आण. जागा देते, पाणी देते. पण गावं माझीच राहतील."

"मी तुझ्या आसऱ्याले येऊ?"

"नको येऊ मंग."

तो आला नाही आणि बुडाला. जितेंद्र मात्र उरलीसुरली माणसं घेऊन गुपचूप तिच्या तटाआड आला. मग केशवची फौज वाळवंटात शिरली. बाहेर पाण्याचा थेंब नव्हता आणि तळी सगळी तटाच्या आत. फौज चालता चालता झिजत गेली. केशव परत परत चढून आला आणि परत परत मागं फिरला. बघणारे खुर्च्या सोडून उभे राहिले होते. वेळ संपली तेव्हा मोनालीच्या सगळ्या गावांवर तिचंच निशाण होतं.

गुणांवर सावनेरवाले जिंकले. दोन राज्यं बुडाल्यावर दुसरं काय होणार होतं! पण केशव उठला तो सरळ त्यांच्या टेबलाशी आला.

"असली जोडी मी आजवर पाह्यली नाई," तो म्हणाला. "कोणाच्या डोक्यातून निघाली?"

मोनाली बोलायच्या आत अंकित हसून म्हणाला, "टीमनं मिळून ठरवलं होतं, भाऊ. सरप्राइज ठेवलं होतं तुमच्यासाठी."

मोनालीची कानशिलं तापली. हे हरण्यापेक्षा वाईट होतं. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"खोटं बोलून राहिला हा. यानं मना केलं होतं. जोडी माझी आहे, मी एकटीनं घेतली."

अंकितचा चेहरा उतरला.

"सगळ्यांसमोर असं बोलतं का कोणी? असंच करायचं असंन तर टीममधून निघ."

"निघाली," मोनाली म्हणाली आणि बॅग उचलली. केशवनं पुढं केलेला हात तिनं हातात घेतला आणि ती बाहेर पडली.

बाहेर ऊन रणरणत होतं. ती गाडीची गरम सीट ओढणीनं झटकत होती, तेवढ्यात जितेंद्र धावत आला.

"पुढच्या रविवारी तू वेगळी टीम करशीन ना?" त्यानं विचारलं. "मी येऊ का?"

"ये."

"मंग मी कोणती जोडी घेऊ, तेवढं सांगून ठेव."

मोनालीनं गाडी सुरू केली. "ते मले नको विचारू," ती म्हणाली. "तुझी तूच शोधून आण. वेडी असली तरी चालते."