सकाळी झालेली वाटणी

"अहो, तिच्याकडे बघा तरी! जीभ बाहेर आलीय तिची."

बायको ओरडली तेव्हा वकील ओलं पोतं पिळत होता. वकील हे गावानं ठेवलेलं नाव. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण म्हैस काळी आहे म्हटलं तरी तो उलटतपासणी घ्यायचा.

तांबडी गाय काटेरी तारेला छाती लावून उभी होती. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या आणि पोटात वासरू होतं, दिवस भरत आलेले. बाकीची गुरं तिच्या मागे एकमेकांना रेलून उभी. आणि तारेपलीकडे, हातभर अंतरावर, झाडाची गार सावली पसरलेली. एवढ्या मोठ्या सावलीत दादाच्या, वकिलाच्या थोरल्या भावाच्या, दोनच गाई निवांत रवंथ करत होत्या.

"गोठ्यात नेऊ या का?" वकिलानं विचारलं.

"त्या पत्र्याखाली? भाजून निघेल ती! सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नाही. पाणी नुसतं हुंगते. तोंड उघडा हो तुम्ही, दादांना हाक मारा."

वकिलानं पोतं गाईच्या पाठीवर टाकलं. बघता बघता ते वाळायला लागलं.

वाटणी त्यानंच मागितली होती, आणि तीही थंडीतल्या एका सकाळी. लहानपणापासून रानात गुरं राखायची दादानं, आणि हा सकाळी धारा काढून दूध घेऊन बाजारात जायचा तो अंधार पडल्यावरच परत. दुपारचं रान त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्या सकाळी सावली लांबच्या लांब पश्चिमेला पडलेली. वकील मनात हसला. पंचांना म्हणाला, "झाड दादाला. मला आपलं पश्चिमेचं रान द्या. झाड सोडतोय, तर दोन पट्टे जास्तीचे द्या." लाकूड आणि पाचोळा दादाला, सावली आपल्याला!

दादा एवढंच म्हणाला होता, "एकदा दुपारचा येऊन बघ, मग ठरव."

"मला गंडवतोस का?" असं म्हणून वकिलानं तिथल्या तिथे अंगठा उमटवला. वर दादाची गुरं आपलं गवत खातील म्हणून बुंध्याला लागून काटेरी तार ताणली आणि दादाशी बोलणं टाकलं. माणसानं कागदावर रेघ ओढली, पण सूर्यनारायण काही सही करायला आला नव्हता. तो देवानं आखून दिलेल्या वाटेनं गेला आणि रोज दुपारी सावली उचलून पलीकडे ठेवू लागला. वकिलानं आपल्या बाजूला रोप लावलं होतं. ते अजून त्याच्या गुडघ्याला लागत नव्हतं.

तांबडीचे पुढचे पाय लटपटले. तारेचा काटा छातीत रुतला तरी ती मागे सरेना.

"दादा..." वकिलानं आधी हळूच म्हटलं. त्यानं पुन्हा हाक मारली, "दादा! गाय जाते रे माझी! तार काढ!"

बुंध्याशी गोणीवर पडलेला दादा उठून बसला.

"त्या तारेला माझा हात लागलेला नाही. तूच ताणलीस. पक्कड तुझ्याच घरात आहे."

बायको पळतच गेली आणि पक्कड घेऊन आली. वकिलानं एक पदर तोडला, दुसरा तोडला. शेवटचा पदर सपकन उसळून त्याच्या मनगटावर ओरखडा काढून गेला. तांबडी धडपडत आत शिरली. बराच वेळ नुसती धापा टाकत उभी राहिली. दादाजवळ बसलेल्या वहिनीनं उठून बादली पुढे केली तेव्हा तांबडीनं तोंड बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि मग हळूच गुडघे मोडून बसली.

"बसली गं बाई," वहिनी म्हणाली. "देव पावला."

मागोमाग सगळी गुरं गेली. बायकोही गेली, वहिनीशेजारी टेकली. उन्हात एकटा वकील उरला.

"काय हो वकील," वहिनी तिथूनच म्हणाली, "आत यायला तुम्हाला तारीख लागते का?"

दादानं अंगाखालची गोणी अर्धी मोकळी केली.

दोन खांबांमध्ये आता काहीच नव्हतं. तरी वकील पक्कड घट्ट धरून तिथेच उभा होता आणि त्याची स्वतःची सावली तेवढी तारेच्या जागेवरून कधीच पलीकडे गेली होती.