वाक्यात वापर

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ताईंचा एक शिरस्ता होता: चहासोबत रोज एक इंग्रजी शब्द. अर्थ ताई सांगणार, वाक्य धाकटीनं करायचं आणि ताई त्यात चूक काढणार. सहा वर्षांत चूक निघाली नाही असं एकदाही झालं नाही. धाकटी काही ताईंची सख्खी बहीण नव्हे. ताईंनी हाताखाली घेऊन तिला तयार केलं, म्हणून सगळे ताईंची धाकटी म्हणायचे. तिलाही ते आवडायचं, वेडीला.

घाई असली की रक्त घेण्याआधीच रिकाम्या नळ्यांवर नावं चिकटवून ठेवायची, ही युक्तीही धाकटी ताईंकडूनच शिकली होती, नियमात न बसणारी. त्या सोमवारी ताईंनी तशाच नळ्यांत दोन बायकांचं रक्त घेतलं आणि डोळे दाखवायला लवकर निघाल्या. "वहीत रक्त घेणाऱ्याची सही तेवढी तू ठोक गं," म्हणाल्या. धाकटीनं ठोकली. एकमेकींसाठी त्या नेहमीच करत. नळ्यांची मात्र अदलाबदल झाली होती. एकीचा रिपोर्ट दुसरीला गेला आणि चौकशी बसली.

चौकशीच्या साहेबांनी ताईंच्या इंग्रजी जबाबाची प्रत धाकटीच्या हातात दिली. उद्यापर्यंत उत्तर द्या, नाहीतर नोकरी गेली समजा. तिला बरंचसं कळलं: वहीत सही धाकटीची आहे, नावं आधी चिकटवायची तिला सवय आहे. एकही ओळ खोटी नव्हती, मेख होती ती तिथेच. सुई धरायला ज्यांनी शिकवलं त्यांनीच हे लिहावं, याचं तिला नोकरीहून जास्त लागलं. शेवटच्या ओळीतला एक शब्द तेवढा अडला. अडलं की ताईंकडे जायचं, सहा वर्षांची खोड ती, जाते कुठे?

"ताई, इनक्रिमिनेट म्हणजे काय हो?"

ताई पाठमोऱ्या कप विसळत होत्या. "एखाद्याला गुन्ह्यात गोवणं. थेट आरोप करायलाच हवा असं नाही. असं काही सांगायचं की संशय आपोआप त्याच्यावर जावा." आणि सवयीनं पुढचंही बोलून गेल्या, "वाक्यात वापर."

मग वळल्या आणि त्यांना तिच्या हातातला कागद दिसला.

"ताईंनी लिहिलंय, मला कुणालाही इनक्रिमिनेट करायचं नाही," धाकटी सावकाश म्हणाली. "आणि वरच्या सगळ्या ओळींत त्यांनी मलाच इनक्रिमिनेट केलंय."

ताईंनी नळ बंद केला. चूक काही काढली नाही.