डोळ्याची कवड

एकट्या माणसाला सगळंच महाग पडतं, हा हिशोब शाळेत कुणी शिकवत नाही. येसूबाईला तो अडुसष्टाव्या वर्षी कळला, आणि कळला तो नारळामुळे.

तशी ती महागाईला घाबरणारी बाई नव्हती. बंदरावर शिपाई असलेल्या नवऱ्याचं तुटपुंजं पेन्शन आणि गावात एकटीचं घर, एवढ्यावर तिने बारा-तेरा वर्षं काढली होती. तेलाचा भाव चढला तशी तिने फोडणी अर्ध्यावर आणली. तूरडाळ हाताला लागेना, तेव्हा कुळथाची पिठी आठवड्यातून चारदा रांधली आणि जो येईल त्याला, मला पिठीच आवडते, असं सांगितलं. चहातली साखर तर डॉक्टरच्या नावावर खपून गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि येसूबाईची मूठ गावात कुणी उघडी पाहिली नव्हती.

पण नारळ चाळिशीच्या पुढे गेला आणि मग पन्नाशीलाही थांबेना, तेव्हा तिची मूठ सुटायला लागली. समुद्राकाठी राहून नारळ विकत घ्यायचा हीच मुळात लाजेची गोष्ट. तिचे तीन माड होते. दोन वादळाने आडवे केले आणि तिसऱ्यावर माकडं एक फळ धरू देत नाहीत. फ्रीज घरात नाही. आज फोडलेला नारळ एकट्या माणसाने खाऊन खाऊन किती खायचा? चौथ्या दिवशी उरलेल्यावर बुळबुळीत थर चढतो आणि पन्नासातले वीस रुपये परसात जातात. बरं, नारळच सोडावा, तर कालवणात उरतं काय? मीठ आणि मिरची.

मैना होती तोवर हा प्रश्नच नव्हता.

मैना म्हणजे शेजारीण. दोन घरांमध्ये छातीभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा, आणि त्या गडग्यावर दोघींचा अर्धा संसार चालायचा. मासळीचा वाटा एकीने घ्यायचा आणि गडग्यावर दोन भाग करायचे. तेल, गूळ, कांदे सगळं असंच. नारळाचा तर कायदाच होता. एकदा हिने आणायचा, एकदा तिने. जी फोडेल तिने आतलं पाणी प्यायचं, पण आपली कवड, म्हणजे नारळाची अर्धी वाटी, आधी दुसरीने उचलायची. म्हणजे फोडताना कुणी लबाडी करून मोठा तुकडा आपल्याकडे ठेवायला नको.

आता नारळाच्या दोन कवडी सारख्या नसतात. ज्या कवडीला डोळे असतात ती आधी नासते, बिनडोळ्यांची दोन दिवस जास्त टिकते. हे कोकणातल्या पोरीला परकर नेसायच्या आधीपासून ठाऊक असतं. आणि मैना प्रत्येक वेळी, न चुकता, डोळ्याची कवड उचलायची. येसूबाईची निवडायची पाळी आली की ती अर्थातच बिनडोळ्यांची घ्यायची. फोडणारी कुणीही असो, चांगली कवड येसूबाईच्या घरात. एवढी वर्षं हे चाललं. मैना जरा भोळीच, असं येसूबाईच्या मनाने घेतलं होतं. एकदा तिने बाजारात दोघी-तिघींना हे सांगूनही टाकलं, आणि त्या सगळ्या मिळून हसल्या होत्या.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि मैनेचा मुलगा रितेश सगळ्यांना घेऊन नालासोपाऱ्याला गेला. नातवंडांच्या शाळेसाठी. मैनेला विचारलं असेल की नाही देव जाणे, पण ती गेली. घराला कुलूप लागलं. जाताना तिने गडग्यावर अर्धी पाटी कांदे ठेवले होते आणि ते घेताना येसूबाईला एकदम रडू आलं होतं.

त्यानंतर येसूबाई वाटेकरी शोधत राहिली. तोंडाने कधी म्हणाली नाही, पण शोधत राहिली.

एकदा भागोजीच्या दुकानात कुणी नाहीसं बघून तिने त्याला विचारलं, की बाबा, नारळ फोडून अर्धा देशील काय? उरलेला अर्धा कुणीतरी नेईलच. भागोजी वाईट माणूस नव्हे, पण त्याला हसू आवरलं नाही. उद्या लोक अर्धं अंडं मागतील, म्हणाला. मग किसलेल्या खोबऱ्याचं पाकीट पुढे केलं. त्याची किंमत वाचून येसूबाईने ते निखाऱ्यासारखं खाली ठेवलं.

मग तिने वेदिकाला गाठलं. वेदिका पलीकडच्या आळीतली, नवरा बोटीवर, पदरात लहान मूल. येसूबाईने दहा गोष्टी बोलून झाल्यावर हळूच विषय काढला, की आपण दोघींनी नारळ वाटून घेतला तर? वेदिका चांगल्या मनाची. ती आत गेली आणि दोन अख्खे नारळ घेऊन आली. माहेरहून पोतं आलंय काकी, अर्धा कशाला, हे घ्या आणि लागले तर मागा, म्हणाली.

येसूबाई ते दोन नारळ पिशवीत घालून घरी आली. वाटेत तिला ते चोरून आणल्यासारखे जड वाटले. तिला नारळ नको होता, वाटेकरी हवी होती. देणारीपुढे हात पसरावा लागतो आणि वाटेकरणीशी भांडता येतं, एवढा साधा फरक होता, पण तो वेदिकाला कसा सांगणार? तिने पुन्हा त्या आळीत पाऊल टाकलं नाही. त्यातला दुसरा नारळ तर तिने देवळात नेऊन वाढवला.

रविवारी दुपारी तिने मैनेला फोन लावला. आधी महागाईबद्दल बोलणं झालं. तिकडे भाजी कशी, इकडे मासळी कशी, दोघींनी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. तेवढा वेळ येसूबाईला बरं वाटलं. मागे टीव्ही चालू होता, मैनेचा आवाज त्यात बुडून वर येत होता. बोलायचं संपत आलं, तरी फोन ठेवावासा वाटेना, म्हणून येसूबाईने चेष्टेने मनातलं काढलं.

"मैना, एक विचारतंय. तू सदानकदा डोळ्याचीच कवड उचलायचीस. तुला निवडता येत नव्हतं काय गो?"

"येत व्हतं," मैना म्हणाली.

"मग?"

"आमच्यात पाच तोंडं. कवड दुपारच्याच कालवणात खपायची. तुझी एकटीची, चार दिवस जायला हवी ना."

पलीकडे कुणीतरी मैनेला हाक मारली.

"इथं सून पाकिटातला कीस आणते," मैना घाईने म्हणाली. "नारळ फुटताना ऐकून वर्ष झालं गो. बरं, ठेवतंय. पोरांना फोन हवा हाय."

फोन बंद झाला तरी येसूबाई तो कानाला लावून बसली होती. बाजारात त्या दोघी-तिघींबरोबर आपण हसलो होतो, ते हसू तिला आत्ता आठवलं. भोळी कोण होती ते आता कुणाला सांगायचं? माफी मागायची तरी फोनवर, टीव्हीच्या आवाजात, पोरांच्या घाईत कशी मागायची? ती तशीच बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भागोजीकडून एक नारळ घेतला. भाव विचारला नाही. भागोजीने आश्चर्याने वर पाहिलं.

घरी येऊन तिने कोयत्याच्या पाठीने नारळ फोडला, पाणी भांड्यात धरलं आणि प्याली. दोन्ही कवडी गडग्यावर ठेवल्या. सवयीने हात मागे घेतला. फोडणारीने आधी उचलायचं नाही. पलीकडे मैनेच्या मागच्या दारावर कुलूप होतं आणि पायरीवर वाळका पाला साठला होता.

मग ती गडग्याच्या टोकाशी गेली. तिथे दोन चिरे ढासळले होते. त्या खिंडीतून ती पलीकडे उतरली आणि मैना उभी राहायची नेमकी तिथे येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती या बाजूने कधी उभी राहिली नव्हती. गेली असेल तेव्हा पुढच्या दाराने गेली.

इथून तिचं स्वतःचं घर दिसत होतं. दोरीवर एक लुगडं वाळत होतं. मागच्या ओटीवर एक ताट, एक वाटी आणि एक पेला पालथा घातलेला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच पाट भिंतीला टेकवलेला दिसत होता. मैनेने हे रोज पाहिलं होतं. रोज, आणि दर वेळी कवड उचलायच्या आधी.

येसूबाईने हात पुढे केला आणि डोळ्याची कवड उचलली. चांगली कवड तिने येसूसाठी गडग्यावर ठेवली.

मग वळसा घालून ती आपल्या बाजूला आली, आणि ती कवडही उचलून घरात गेली.