डाव्या चाकातली घरघर

बेअरिंगच्या रोलरवरचा खड्डा तिळाहून लहान होता. ग्रीस पुसून मी तो उजेडात धरला आणि त्यावरून नखाची कड फिरवली, तेव्हा नख किंचित अडलं. वळणापासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाणारी घरघर एवढ्याशा जागेतून येत होती.

"बघत काय बसलीस? प्रयोगशाळेत पाठवायचंय का तपासायला?" काका म्हणाले. बाबांचा हा धाकटा भाऊ. हातापेक्षा तोंड जास्त चालतं, पण बोलावल्यावर आला नाही असं कधी झालं नाही. "अजून थोडी चालवली असतीस, तर चाक तुझ्याआधी घरी पोचलं असतं."

पिकअप बाबांची. पुढच्या डाव्या चाकातली घरघर त्यांच्या शेवटच्या वर्षात सुरू झाली. ते "बघू, सुट्टीच्या दिवशी बघू" म्हणत राहिले. वळणावर आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची, आणि ते हातपाय धुऊन येईपर्यंत चहा तयार असायचा. बाबा गेले. गाडी मी कामावर न्यायला लागले, आणि आवाज आला की आई आधण ठेवतच राहिली. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

किनाऱ्यावरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेतून मला पुन्हा विचारणा झाली होती. गावोगाव फिरून पाण्याचे नमुने गोळा करायचे आणि तपासायचे. गाडी स्वतःची हवी. शिकत होते तेव्हापासून असंच काम मला हवं होतं. पण ते रस्ते या बेअरिंगवर झाले नसते, आणि बेअरिंग बदललं तर आईच्या कानातून बाबा गेले असते. म्हणून मीही सुट्टीच्या दिवसाची वाट बघत होते. परवा उजवीकडे वळताना स्टिअरिंग हातात थरथरलं, तेव्हा काकांना फोन केला.

"वहिनीला काय सांगितलंस?"

"चाकाचं काम आहे, एवढंच."

काकांनी चाकाच्या मधल्या हबातल्या जुन्या कड्या ठोकून काढल्या, नव्या बसवल्या. मी तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटींत दाबलं, पलीकडून बाहेर येईपर्यंत. मग काकांनी नटाला पाना लावला आणि अंगातला सगळा जोर त्यावर टाकला.

"सुटायला नको रस्त्यात."

"काका, असं आवळलं तर तापून जळेल ते." मी पाना मागून घेतला. हब फिरवत आधी आवळायचं, मग सैल सोडायचं, मग नुसत्या बोटांनी जाईल तेवढंच पुढे न्यायचं. हे शिकवताना बाबा माझी बोटं नटावर ठेवून वर आपली ठेवायचे. आता माझ्या बोटांवर फक्त ग्रीस होतं.

"अगदी दादावर गेलीस," काका म्हणाले, आणि नट हलू नये म्हणून त्यांनी त्यात पिन बसवली.

चाक चढवून मी पुलापर्यंत एक फेरी मारली. टायरखाली खडी वाजत होती, इंडिकेटर टिकटिकत होता. हे आवाज गाडीत आधीपासून असणार, पण ऐकू कधी आले नव्हते. वळण आलं आणि गेलं.

आई ओट्यापाशी पाठमोरी शेंगा सोलत होती. शेगडी बंद होती.

"आई."

ती दचकली. "कधी आलीस? आवाज नाही आला."

"बेअरिंग बदललं."

तिने शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं केलंस."

तिने आणखी एक शेंग सोलली.

"वळणापासून दारापर्यंत ते यायचे गं," ती म्हणाली. "रोज. मग गाडीतून तू उतरायचीस, आणि मला तुझा राग यायचा. क्षणभरच."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? पोटची पोर घरी आली म्हणून राग येतो, असं?" ती हसली आणि पदराने डोळे टिपले. "आज नुसती तूच आलीस."

तिने पातेल्यात पाणी घेतलं. शेगडी पेटवता पेटवता थांबली.

"इतके दिवस चालढकल केलीस. मग आताच का?"

मी नळाखाली हात धरले. ग्रीस नखांतून निघत नव्हतं.

"लांब जायचंय," मी म्हणाले. "किनाऱ्यावरची नोकरी मी घेते आहे, आई."