डावीकडचा चोर

कासार आंबोलीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. सारजाबाईची नथ हरवली होती, आणि चोर दाखवणार होता दहा वर्षांच्या जयाचा डावा डोळा.

गेणू भगतानं पोरीला सकाळपासून उपाशी, उन्हात बसवलं होतं. "समोरच्या डोंगराच्या शेंड्याकडं बघ. नजर हलवू नगंस!" देवीआई पोरीच्या अंगात येते आणि डोळा चोराकडं वळवते, असं तो सांगायचा. मग तो घुमायला लागला. "आई येतीया गं! चोराला सोडायची न्हाई गं!"

हळूहळू जयाचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला सरकला. त्या बाजूला बायजा बसली होती, चार घरची भांडी घासून जगणारी विधवा.

"घावली!" गर्दी ओरडली.

"म्या न्हाई घेतली वं! लेकराची आण!" बायजा रडू लागली.

वाल्मीक मास्तर मागं उभे होते. जयाला आणि तिच्या आईला, तुळजाबाईला, त्यांनीच पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. डॉक्टरांनी पेन्सिलीचा व्यायाम दिला होता. 'डोळा सरळ झाला तर आई रुसंल' असं म्हणून गेणूनं तो बंद पाडला. वर्गाबाहेर मास्तरांचा आवाज कधी चढला नव्हता. आपलंच चुकत असेल तर? पण बायजाचं रडणं त्यांना ऐकवेना.

"गेणबा," ते चाचरत म्हणाले, "पोरीला जरा उलट्या तोंडानं बसवता?"

"आईची परीक्षा घेताय व्हय, मास्तर?"

"आईला समद्या दिशा सारख्याच की," हैबतराव पाटील म्हणाले. "बसीव."

जया पाठ फिरवून बसली, पलीकडच्या टेकाडाकडं बघत राहिली. डोळा पुन्हा डावीकडंच गेला. आता तिथं खुद्द गेणू होता.

"आता गं बया! भगतच चोर!" एक म्हातारी फिसकन हसली.

"उन्हानं आई गोंधळली," गेणू पुटपुटला.

मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढून जयाच्या डोळ्यांपुढं धरली. "टोकाकडं बघ, बाळ. दोन दिसल्या की सांग." पेन्सिल सावकाश नाकाकडं आली, तसे दोन्ही डोळे जोडीनं आत वळले.

"हिच्यात कुणी येत नाही," मास्तर म्हणाले. "पोर दमली, लांब बघत बसली, की डावा डोळा बाहेर जातो. तोंड कुठंही करा, डावीकडंच जाणार. जवळचं बघताना दोन्ही डोळ्यांना जोडीनं काम करावं लागतं. ती सवय पक्की करायला हा व्यायाम."

"मग ह्यानं बरी व्हईल?" तुळजाबाईनं विचारलं.

मास्तर घुटमळले. "खात्री नाही देत. बरेच महिने रोज करावं लागेल, डॉक्टरांना दाखवत राहावं लागेल. काहींना ऑपरेशनही लागतं."

"बघा! ह्यास्नीच ठावं न्हाई," गेणू खिदळला. "आईला समदं ठावं हाय!"

"समदं?" तुळजाबाई उठली. "माझी पोर सकाळपास्नं उपाशी हाय, त्येवढं बरं ठावं न्हवतं!" तिनं मास्तरांच्या हातून पेन्सिल घेतली आणि जयाला उठवलं. "चल गं बायजा, तूबी चल. भाकरी खाऊ."

मास्तरांना जिंकल्यासारखं वाटलं नाही. गेणूला दुसरं गाव मिळेल, त्या गावाला दुसरी जया. तरी पांगणाऱ्या लोकांना ते थकल्या आवाजात म्हणाले, "चोर हवा तर पुरावा शोधा. डोळा बिघडला तर डॉक्टर गाठा. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारा. खऱ्या देवाला प्रश्नाचा राग येत नाही."